कापलेले श्वास

१

माणसं बोलताना फार घाण करतात, असं कात्रीचं जुनं मत होतं. ओठांची पचपच, मध्येच गिळलेला आवंढा, नाकातली बारीक शिट्टी, आणि प्रत्येक वाक्याआधी घेतलेला तो हावरट श्वास, जशी काही हवा उद्या संपणार आहे. ही घाण उपसायची हाच त्याचा धंदा. लोक स्टुडिओत येऊन गोष्टी वाचत, धडे वाचत, जाहिराती वाचत. ते गेले की हा हेडफोन चढवून बसे आणि त्यांचे श्वास एकेक करून छाटून टाकी. म्हणून त्याला सगळे कात्री म्हणत. तोंडावरही म्हणत. त्याला राग येत नसे, कारण राग येणं, रडू येणं, गहिवरून येणं या भानगडी ढिल्या बांध्याच्या माणसांसाठी असतात आणि आपलं बांधकाम पक्कं आहे, अशी त्याची समजूत होती.

ही समजूत त्याला बोलून दाखवावी लागत नसे. समोरचा माणूस जरा हळवा झाला, की कात्री त्याच्याकडे असा काही बघे, की त्या बिचाऱ्याला आपल्या नाकाला शेंबूड लागलाय की काय अशी शंका यावी.

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. तीन खोल्या. एकीत बोलायचं, दुसरीत ऐकायचं, आणि तिसरीत मालक कॉफी पीत फोनवर लोकांना उद्याचे वायदे द्यायचा. बोलायच्या खोलीच्या भिंतींना जाड काळा फोम होता. दार लागलं की आपल्याच कानातलं रक्त ऐकू येई.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. श्वास कापला की तिथे भोक पडतं. ते तसंच ठेवलं, तर ऐकणारा दचकतो. जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसं होतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर घेऊन ठेवतात. त्याला म्हणायचं शांतता घेणं. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि कापलेल्या जागी त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं असतं. ती घेताना खोलीत कुणी असू नये. असलंच, तर त्यानं श्वास धरून उभं राहावं.

श्वास धरण्यात कात्रीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

२

मालकानं एका समुपदेशक बाईंचं काम आणलं होतं. आपल्या भावना ओळखा, त्यांच्याशी नीट वागा, अशी धड्यांची मालिका. लोकांनी ती कानात घालायची आणि सुधारायचं. कात्रीनं पहिला धडा ऐकला आणि त्याला खदखदून हसू आलं. हसण्याला तो भावनांत धरत नसे.

बाई सावकाश बोलत. "डोळे मिटा. आत काय वाटतंय ते बघा. राग आहे? भीती आहे? दुःख आहे? जे असेल त्याला त्याच्या नावानं हाक मारा. हाकलू नका, डोक्यावरही बसवू नका. शेजारी बसू द्या. आणि विचारा, तुला काय सांगायचंय?" इथे बाई थांबत. चांगल्या लांबलचक थांबत. ऐकणाऱ्यानं तेवढ्या वेळात आपल्या दुःखाशी गप्पा मारायच्या असत.

"दुःखाला खुर्ची द्यायची, कॉफी विचारायची," कात्री मालकाला म्हणाला. "उद्या ते घरातच ठाण मांडून बसलं, तर कुणाकडे जायचं तेही सांगा म्हणावं."

"तुला काय रे," मालक म्हणाला. "तू दगड."

"दगडावरच घरं उभी राहतात."

शेवटच्या दिवशी बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "एवढं सगळं ऐकलंत. तुम्हाला काही जाणवलं?"

"हो. तुमच्या पुढच्या दातांत फट आहे. प्रत्येक 'स' शिट्टी मारतो. मी काढून टाकलाय."

बाईंना लागलं नाही. उलट त्या हसल्या, आणि हे त्याला मुळीच आवडलं नाही. "माझंही एक निरीक्षण सांगू का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलताना श्वास घेताना दिसत नाही."

"सवय आहे."

"कधीपासूनची?"

चिखलात दगड टाकून अंगावर उडवून घेणाऱ्यांतला कात्री नव्हता. त्यानं बाईंना दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.

मग काम काढल्यावर कळलं, की बाई बोलत होत्या ते सगळे दिवस वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं. बोलण्याखाली ते झाकलं जायचं. पण बाईंच्या त्या लांबलचक थांब्यांत ती घरघर स्पष्ट यायची. स्टुडिओची घेतलेली शांतताही त्यामुळे नासलेली. मालकानं तर मालिका या आठवड्यात द्यायचं कबूल करून ठेवलं होतं. कात्रीनं आपल्या जुन्या संग्रहातून एक स्वच्छ शांतता काढली. तिच्यावर त्यानं नाव घातलं होतं, घर.

तिची हकीकत अशी. बायको आजारी पडली तेव्हा त्यानं कामाचं टेबल झोपायच्या खोलीत तिच्या पलंगाशेजारी नेलं. लोक म्हणाले, काय जीव आहे बघा! जीव कसला, ती खोली रस्त्यापासून आत होती. बायको गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी एक काम पोचवायचं होतं. त्यानं पलंगावरची चादर काढली, खिडकी लावली, माइक उभा केला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुलीच्या रडण्याचा आवाज आला. कात्री दारात गेला आणि म्हणाला, "जरा गप्प बस. शांतता घेतोय." मुलगी गप्प बसली. हा आत येऊन पलंगापाशी उभा राहिला. छातीतून काहीतरी वर यायला लागलं होतं. त्यानं श्वास धरला आणि मिनिट भरेपर्यंत ते तिथंच दाबून ठेवलं. काम वेळेवर गेलं.

बाईंच्या सगळ्या थांब्यांत त्यानं त्याच शांततेची ठिगळं लावली. परक्या खोलीची शांतता वापरू नये, असा धंद्यातला नियम आहे. पण नियम नवशिक्यांसाठी असतात.

३

घरी आता लेक आणि तो, एवढीच माणसं. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि रविवारी दुपारी तिची गाडी होती.

"बाबा, जायच्या आधी एकदा माझ्याजवळ बसा," ती मंगळवारी सकाळी म्हणाली. "आईबद्दल बोलू."

"काय बोलायचं?"

"काहीही. ती कशी होती. तुम्हाला काय वाटतं."

"चांगली होती. तुझा टोस्ट जळतोय."

लेकीनं टोस्ट काढून ताटलीत ठेवला. "वर्ष होत आलं. या घरात तिचं नाव कुणी घेतलेलं नाही. मी रडायला लागले की तुम्ही पाण्याचा ग्लास आणून ठेवता, आणि माझं पिऊन होईपर्यंत उभे राहता. हवालदारासारखे."

"पाण्यानं कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही मी."

"बाबा, मी थट्टा करत नाहीये. रविवारपर्यंत तुम्ही बोलला नाहीत, तर मी जाईन ती कायमची जाईन. सुट्टीला नाही, आजारी पडलात तरी नाही. मला या घरात श्वास घेता येत नाही."

ती हे न रडता म्हणाली, म्हणून कात्रीला ते गंभीरपणे घ्यावं लागलं. जगात त्याला ती एकटीच होती. ती गेल्यावर या टेबलाशी आपण एकटे उरणार, हे त्याला दिसत होतं. पोटात खड्डा पडला. तो त्यानं भुकेच्या नावावर टाकला आणि आणखी एक टोस्ट खाल्ला.

मग त्याला एक नामी युक्ती सुचली. संध्याकाळी त्यानं बाईंच्या मालिकेची ठिगळं लावलेली कच्ची प्रत तिच्या हातात ठेवली. "हे ऐक. यातल्या बाईंना रडकी माणसं फार आवडतात."

"म्हणजे तुमच्या बदली बाई?"

"त्यांचा तो धंदाच आहे. कंटाळायच्या नाहीत."

लेकीनं प्रत घेतली. आईच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं. ती खोली आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बंदच होती. कात्री बाहेरच्या सोफ्यावर झोपत असे. पाठीला बरं पडतं, असं विचारणाऱ्याला सांगे.

४

काम पोचवण्याआधी शेवटचं एकदा ऐकायचं, अशी पद्धत. चौथ्या धड्यात बाई म्हणाल्या, "तुला काय सांगायचंय?" आणि थांबल्या. त्या थांब्यात कुणीतरी श्वास सोडला.

कात्रीनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. होता. हळू, लांब, बराच वेळ श्वास कोंडून धरलेलं माणूस सोडतं तसा. बाईंचाच असणार, त्यानं ठरवलं, नजर चुकवून राहिलेला. त्यानं तो कापला, वर नवं ठिगळ लावलं आणि डबा उघडून जेवला.

दुसऱ्या सकाळी तो त्याच जागी होता. शिवाय पाचव्या धड्यातही होता आणि सहाव्यातही. आता सोडल्यानंतर आत घेतलेलाही ऐकू येत होता. श्वासांतलं कात्रीला कळत होतं, एवढं मान्य करायला हवं. बोलण्याआधीचा श्वास तोकडा असतो. खोटं बोलण्याआधीचा नाकातून येतो. रडण्याआधीच्या श्वासाला मध्येच एक अडखळ असते, दोन टप्प्यांत तो छातीत शिरतो. हा तसा होता.

त्यानं वायर बदलली. हेडफोन बदलला. शेजारच्या खोलीत मालकाला तोंड मिटून बसायला लावलं. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची तो मनसोक्त कीव करत आला होता, तेव्हा तो रस्ता बंद. उरली ती यंत्राची चूक. यंत्र बावळट असतं, पण निदान रडकं नसतं, असं तो म्हणायचा. ते यंत्र आता त्याच्या कानात दोन टप्प्यांत श्वास घेत होतं.

कुणाचा आहे म्हणून त्यानं स्टुडिओत येऊन गेलेले सगळे गळे आठवून पाहिले. एकही जुळेना. ज्याचा श्वास आपण हेडफोनमधून कधीच ऐकला नाही असा माणूस कोण, हा साधा प्रश्न त्याला पडला नाही. अक्कल पाजळायची वेळ आली की नेमकी ती अशी दडी मारते.

५

संध्याकाळी घरी आला तर खोलीचं दार लोटलेलं आणि आतून लेकीचा आवाज.

"हं... मग?"

थोडा वेळ काहीच नाही.

"घाबरू नकोस. मी आहे ना. सावकाश सांग."

तू! कात्रीच्या कपाळाला आठी पडली. लेक त्याला अहो-जाहो करायची. म्हणजे आत कुणी तिच्या वयाचा पोरगा होता. एकूण ही शोकसभा चालली होती तर. त्यानं दार धाडकन उघडलं.

लेक एकटीच पलंगावर बसली होती. हेडफोन गळ्यात. डोळे सुजलेले, आणि चेहरा मात्र तापातून उठलेल्या माणसाचा असतो तसा हलका. पलंगाच्या दुसऱ्या कडेला गादी जरा दबलेली होती.

"कोण होतं?"

"धडा चालला होता."

"तू कुणाला म्हणत होतीस, 'सावकाश सांग'?"

"बाईंनी सांगितलंय तसं करतेय. शेजारी बसू द्यायचं आणि विचारायचं."

"आणि ते उत्तर देतं?"

"आधी नुसतंच बसून असायचं," लेक म्हणाली. "आता बोलायला लागलंय. खूप दिवसांचं कोंडलेलं आहे, बाबा. त्याला एका दमात सांगता येत नाही."

"वेड्यांच्या इस्पितळात तुझी खाट राखून ठेवायला हवी."

तिनं वाईट वाटून घेतलं नाही. बाईंचीच चेली ती. उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं टेबलावर तीन ताटं मांडली.

"तिसरं कुणाचं?"

"असू द्या. तुम्ही जेवा."

कात्री जेवला. रिकाम्या ताटासमोरची खुर्ची जराशी मागे ओढलेली होती, माणूस बसल्यावर असते तितकी. लेक जेवताना मध्येच त्या बाजूला बघून हसली. हे सगळं त्याला नाटक वाटलं. त्याच्याकडून चार शब्द काढून घेण्यासाठी रचलेलं नाटक. असल्या नाटकांना तो भीक घालणार नव्हता. पण हात धुताना त्याच्या लक्षात आलं, की जेवण सुरू झाल्यापासून आपण त्या खुर्चीकडे पाठ वळवून बसलो होतो, आणि मान आखडली होती.

६

त्यानं मालकाला ऐकवायचं ठरवलं. मालकाचे कान जाड. त्याला ऐकू आलं नाही म्हणजे नाही.

मालकानं हेडफोन लावला. बाई थांबल्या तिथे तो पुढे झुकला. मग त्यानं चष्मा काढला आणि अंगठ्यानं डोळे पुसले. एवढा गलेलठ्ठ माणूस असं करताना फार विचित्र दिसतो.

"काय झालं?" कात्रीनं विचारलं.

"काही नाही. माझा भाऊ गेला तेव्हाचं आठवलं." मालकानं नाक ओढलं. "हे कापू नकोस. मालिकेत यासारखं दुसरं काही नाही. कोण आहे रे हा?"

"कोण म्हणजे? आवाज आहे?"

"आवाजच की. 'खिडकी उघड म्हणाली होती,' असं काहीतरी म्हणतोय. नीट लागत नाही, फार रडतोय बिचारा." मालकानं हेडफोन खाली ठेवला आणि कात्रीकडे जरा निरखून पाहिलं. "तुझ्या आवाजासारखा वाटतो. पण तुझा कसा असेल?"

कात्रीनं हेडफोन बाजूला सारला. शेवटच्या आठवड्यात बायको एकदा खिडकी उघड म्हणाली होती. रस्त्याचा आवाज येईल, हे एवढं होऊ दे, मग उघडतो, असं तो म्हणाला होता. हे एवढं होईपर्यंत तिला झोप लागली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. मुद्दाम लपवली होती असं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्याला वाटे.

"माझा आवाज घे," तो म्हणाला. "लावून बघू दोन्ही."

तो बोलायच्या खोलीत जाऊन बसला. काचेपलीकडे मालक. कात्रीनं माइकसमोर बाईंचीच ओळ म्हटली. मालकानं हातानं खूण केली, बोल. कात्रीनं ती पुन्हा म्हटली, मोठ्यांदा. मालकानं काचेवर टकटक केलं आणि तोंड हलवलं: बोल की! मग वैतागून तो आत आला, माइकवर टिचकी मारली, "हॅलो हॅलो" म्हणाला. पलीकडे आवाज मोजणारा काटा टणाटण उडाला. "माइक ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुझा घसा बसलाय का?"

"नाही."

"काय?"

"नाही म्हटलं!"

मालकाचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला. जाता जाता सवयीनं दिवा बंद करून गेला. त्या काळ्या फोममध्ये कात्री अंधारात बसून राहिला. मालक खोकून खोकून हसत माफी मागायला येईल म्हणून वाट पाहिली. बाहेरच्या दाराचं कुलूप खळखळलं तेव्हा तो धडपडत उठला आणि त्यानं मालकाला जिन्यात गाठलं.

"अरे!" मालक दचकला. "तू होतास होय आत? लक्षातच नाही."

७

शनिवारी लेकीनं दोन ताटं मांडली. कात्रीला बरं वाटलं. पोरगी ताळ्यावर आली, असं मनाशी म्हणत तो खुर्ची ओढून बसला, तर आपल्यासमोर ताट नाही. एक तिचं, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीचं.

"मला?" तो म्हणाला.

लेक समोर बघून ऐकत होती. मान हलवत होती.

"मला ताट नाही का?"

"अगं बाई," ती चमकली. डोळे बारीक करून तिनं त्याच्या दिशेनं पाहिलं, संधिप्रकाशात वाचताना अक्षर शोधावं तसं. "तुम्ही कधी आलात? कळलंच नाही." तिनं उठून ताट आणलं, पण ते त्याच्या कोपरापाशी, जरा भलतीकडेच ठेवलं.

कात्रीनं रात्री सोफ्यावर आडवं होऊन छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती का? झोपेत होत असेल, जागेपणी कोण बघत बसतं, असं म्हणून तो कुशीवर वळला. दाराआडून लेकीचा आवाज येत होता आणि मध्ये मध्ये दुसरा, जाडसर, पाणावलेला. त्यानं उशी कानावर दाबली. घाबरला नव्हता, म्हणे.

सकाळी त्यानं विचार पक्का केला. मुळावरच घाव घालायचा. घर नावाची ती शांतता पुसून टाकायची, मूळ आणि सगळी ठिगळं, आणि गाडीच्या आधी घरी येऊन लेकीशी बोलायचं. हो, बोलायचं, एवढी तडजोड तो करायला तयार होता. जाताना रस्त्यात त्यानं वाक्यही जुळवलं. 'तुझी आई गेल्याचं मला वाईट वाटलं.' मग त्यातलं 'तुझी' काढलं. मग 'मला' काढलं. 'आई गेल्याचं वाईट वाटलं.' सुटसुटीत झालं. कुणाला वाईट वाटलं ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं.

रविवार, स्टुडिओत कुणी नव्हतं. त्यानं ती शांतता पुसली. प्रत ठेवली नाही, परत आणायची सोय ठेवली नाही. एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की उठून उभं राहताना त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. जिन्यात वरच्या मजल्यावरचा कामगार पोती घेऊन उतरत होता. तो सरळ अंगावरच आला आणि कात्रीला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. आंधळे लेकाचे, तो म्हणाला. कामगारानं मान वळवली नाही.

८

घरी बाहेरच्या खोलीत दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. एक लेकीची. दुसरी त्याचीच जुनी, तपकिरी. तिच्या अर्धवट लागलेल्या चेनमधून त्याच्या शर्टाची बाही बाहेर आली होती.

आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत दुपारचा उजेड, खिडकी सताड उघडी, रस्त्याचा सगळा गोंगाट आत येत होता. आणि त्या गोंगाटात एक माणूस बोलत होता. ओठांची पचपच. गिळलेले आवंढे. नाक ओढणं. दोन शब्दांत एक श्वास, तोही धड पुरत नव्हता. कात्रीनं आयुष्यात इतकं घाणेरडं बोलणं ऐकलं नव्हतं. तो माणूस बायकोबद्दल बोलत होता. ती हसताना हातानं दात कसे झाकायची. आजारपणात तिचे पाय कसे गार पडायचे, आणि शेजारी बसून काम करताना टेबलाखाली आपल्या पायांनी तो ते कसे धरून ठेवायचा.

हे कात्री विसरला होता. खरंच धरून ठेवायचा तो.

त्यानं फटीतून पाहिलं. पलंगाच्या कडेला पाठमोरा माणूस बसला होता. अंगात शांतता घेतली त्या सकाळचा शर्ट, पाठीवर घामानं चिकटलेला. खांदे हलत होते. मानेवरचे केस वाढलेले, कात्रीचे वाढत तसेच, मधोमध टोकदार. लेक त्याला टेकून बसली होती, तिचा तळवा त्याच्या पाठीवर फिरत होता, आणि तिच्या चेहऱ्यावर जी माया होती ती कात्रीनं तिच्या लहानपणी शेवटची पाहिली होती. तेव्हा ती त्याच्यासाठी होती.

आता तो माणूस वळेल, असं वाटलं. तो वळू नये.

कात्रीच्या पोटात गोळा आला, आणि या वेळी तो त्याला भुकेच्या नावावर टाकता येईना. त्यानं तो पाहिला. चांगला मोठा होता, वर सरकत होता. नाव द्या, बाई म्हणाल्या होत्या. मूर्ख बाई. ही भीती आहे, त्याच्या मनात आलं. आणि हिच्याखाली आहे ते दुःख. सगळं नीट ओळखू येत होतं, ओळखायला काडीचीही अक्कल लागत नव्हती. लेक अजून गेलेली नाही. अजून गाडीला वेळ आहे. त्यानं दार ढकललं आणि जुळवलेलं वाक्य सोडून दिलं.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला. "बाळ, मला फार वाईट वाटतंय."

लेकीनं मान वर करून दाराकडे पाहिलं. सरळ त्याच्याकडे.

"कोण आहे गं?" पाठमोऱ्या माणसानं नाक पुसत विचारलं.

"कुणी नाही, बाबा," ती म्हणाली. "तू बोल."